किनारीचा हंगाम

हवा कोरडी झाल्याचं मला आधी ओठांवरून कळतं आणि मग दोरीवरच्या टॉवेलवरून. चार महिने कुबट वास सोडत लोंबणारा टॉवेल एके दुपारी कडक होऊन हातात येतो. तेव्हा मी स्वतःशीच म्हणतो, चला, लागला हंगाम. बदलापुरात थंडी पडते असं सांगितलं की मुंबईकडची माणसं हसतात. हसू देत. आमच्या सोनिवलीला नदीकडून येणारा सकाळचा वारा कानात शिरला की हीच माणसं कानटोपी मागतात, हे मी पाहिलेलं आहे. मला मात्र थंडीचं फारसं कौतुक नाही. मला हवा असतो तो कोरडेपणा, कारण माझं काम त्याच्यावर चालतं.

काम म्हणजे तसं कामही नाही. तळहातावर मावतील अशा लहान मोटारींच्या किनारी मी रंगवतो. पोरांनी फरशीवर आपटायच्या त्या मोटारी नव्हेत. खऱ्या गाडीची मापं घेऊन त्याच प्रमाणात लहान केलेल्या, दारं उघडणाऱ्या, आत इवलंसं स्टिअरिंग असलेल्या. अख्खी गाडी मी रंगवत नाही, ते मला येतही नाही. मी फक्त कडा रंगवतो. काचेभोवतीचं रबर, दारांवरून पुढून मागे धावणारी चकचकीत पट्टी, दारांच्या मुठी, वायपर, दिव्यांच्या कडा. शौकीन मंडळी याला ट्रिम म्हणतात. आम्ही किनार म्हणायचो. हे काम पावसाळ्यात होत नाही. दमट हवेत रंग सुकताना वर साय धरल्यासारखा पांढुरका होतो आणि मग तो पुसून टाकण्यावाचून इलाज नसतो. म्हणून दसरा ते होळी. त्यापुढे बोटांना घाम सुटतो आणि ब्रश हातात ठरत नाही.

‘आम्ही’ असं मी सवयीने लिहून गेलो. आम्ही म्हणजे मी आणि उल्हासनगरचे होतूभाई. हंगाम दर वर्षी वेळेवर येतो, होतूभाई येत नाहीत, आणि मला दुसरं कुणी नाही. लग्न केलं नाही, आई गेली, नोकरी संपली. रविवारी सकाळी ज्याच्याकडे जायचं असा जगात माझा एकच माणूस होता. तो माझ्याकडे टिकतो की नाही, एवढाच प्रश्न एका हिवाळ्यात पडला होता, आणि हवा कोरडी झाली की तो हिवाळा मला आठवतो.

माझी नजर मुळात कडांवर जाते. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी प्रेशर गेजच्या डायलवर रेघा ओढायचो. काटा जिथे पोचला की बॉयलर बंद करायचा, तिथे एक लाल रेघ असते. ती हाताने ओढायचा जमाना होता तेव्हाची गोष्ट. पुढे छापील डायल आल्या आणि मला स्टोअरमध्ये बसवलं. हात मात्र तसाच राहिला, आणि नजरही. बाईच्या साडीचा काठ मला तिच्या चेहऱ्याआधी दिसतो. लग्न न होण्याचं हेही एक कारण असेल. रस्त्याच्या दुभाजकाला पिवळे-काळे पट्टे मारणारे ज्या बेफिकिरीने ते मारतात, ते पाहून माझी सकाळ नासते. आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात लोक नक्षी बघायला लांबून येतात. मी तिथे एका दगडाची कड दुसऱ्या दगडाला कशी भिडवली आहे तेच बघत उभा राहतो, आणि मागून कुणीतरी बाई म्हणते, ‘काका, जरा पुढे सरका.’

आमच्या स्टोअरला लोखंडी कपाटं होतूभाईंकडून यायची. कपाटं रंगवण्यात त्यांचा हात धरणारा उल्हासनगरात कुणी नव्हता. एकदा रंग पसंत करायला त्यांच्या दुकानी गेलो, तर मागच्या फळीवर एक छोटी लाल मोटार. उरलेल्या डब्यातला कपाटाचाच रंग, पण असा मारलेला की बोट लावायची हिंमत होऊ नये. फक्त सगळंच लाल. खिडक्यांच्या कडा लाल, पट्टी लाल, मुठी लाल.

‘ही आंधळी दिसते,’ मी बोलून गेलो.

होतूभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हाकलतात.

‘तो साईं, तू आँख लगा दे ना,’ ते म्हणाले आणि मोटार माझ्या हातात ठेवली. साईं म्हणायची त्यांची सिंधी पद्धत होती. ते मला ‘साईं’ आणि ‘तू’ म्हणायचे, मी त्यांना ‘होतूभाई’ आणि ‘तुम्ही’. वीसेक वर्षं त्यात बदल झाला नाही.

रविवारी सकाळी मी उल्हासनगर गाठायचो. खाली दुकान, वर घर, शटर अर्धं वर केलेलं. वरून त्यांच्या पत्नी, ईश्वरीभाभी, दाल-पकवानाच्या, म्हणजे डाळ आणि तळलेल्या कडक पुऱ्यांच्या, ताटल्या पाठवायच्या. आलेल्या माणसाला पापड-पाणी दिल्याशिवाय त्यांच्यात बसवत नाहीत, त्यामुळे पकवानावर आणखी पापड. आणि तेलकट बोट म्हणजे रंगाचा शत्रू. तेलावर रंग धरत नाही, बारीक बारीक खड्डे पडतात. म्हणून खाऊन झालं की आम्ही दोघं मोरीपाशी उभे राहून बेसनाने हात धुवायचो. ‘सूंघ,’ म्हणत होतूभाई आपली बोटं माझ्या नाकापुढे धरायचे. मग मी माझी त्यांच्या नाकापुढे. पापडाचा वास गेला असेल तरच डबा उघडायचा, हा आमचा नियम. दोन वयस्क गृहस्थ एकमेकांची बोटं हुंगत उभे आहेत, हे शेजारच्या दुकानदाराने कितीदा पाहिलं असेल, देव जाणे. त्याने एकदाही काही विचारलं नाही.

ते मागे स्प्रे मारायचे, मी पुढे शटरच्या उजेडात टेबल घेऊन बसायचो. लांब पट्टीची वेळ आली की मी हात वर करायचो आणि ते कॉम्प्रेसर बंद करायचे, कारण त्याच्या धडधडीने टेबल थरथरायचं. मग पुढे येऊन समोरच्या स्टुलावर बसायचे. मी करंगळी गाडीच्या टपावर टेकवायचो. रेघ ओढताना ब्रशच्या टोकाकडे बघायचं नसतं. टोकाकडे बघितलं की हात कापतो. रेघ जिथे संपणार तिथे नजर लावायची, हात आपोआप तिकडे जातो. तेवढा वेळ दुकानात कसलाही आवाज नसायचा. रेघ संपली की आम्ही दोघंही एकदम श्वास सोडायचो. माझं ठीक आहे, पण त्यांना श्वास धरायची काय गरज? तरी ते धरायचे. दर रविवारी एवढं उठून कशासाठी जातोस असं कुणी विचारलं असतं, तर मी ‘किनारीसाठी’ म्हणालो असतो. खरं म्हणजे समोरचा माणूस माझ्यासाठी श्वास धरतो, त्यासाठी मी जात होतो. दुसऱ्या कुणी तो तसा कधी धरला नाही.

गप्पा म्हणाल तर फारशा नव्हत्याच. माझ्या आईच्या आजारपणातही आम्ही रंगाचंच बोलत होतो. ती गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी नेहमीसारखा गेलो, तर टेबलावर माझा ब्रश थिनरमध्ये धुऊन, टोक करून ठेवलेला होता. होतूभाई कुणाचा ब्रश धुणाऱ्यातले नव्हते. स्वतःचासुद्धा नाही.

तर तो हिवाळा. त्याची सुरुवात झाली ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे. दसऱ्याला ती गावाकडून माझ्याकडे राहायला आली होती. त्याच्या आदल्या दिवशी होतूभाईंनी मोतिया रंग मारलेली एक गाडी मी घरी आणली होती. जुन्या घाटाची गाडी, भरपूर किनारीची, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत लांबलचक उठावदार पट्टी असलेली. समोर टॉवरचं बांधकाम चालू, दिवसभर धूळ, म्हणून ओट्यावर ती पातेल्याखाली झाकून ठेवली होती. कपाटाचा रंग वरून सुकला तरी आतून दोन-चार दिवस मऊ असतो.

दसरा म्हणजे वाहनांची पूजा. ताईने सकाळी खाली जाऊन रिक्षांना कुंकू लावलं, सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला लावलं, वर येऊन माझ्या मिक्सरला लावलं. मग चहासाठी पातेलं उचललं.

‘बाला, ही बी गारीच ना?’ तिचा आवाज आला. ‘मंग हिला कुकू नको?’

मी बाथरूममधून साबणासकट धावलो, पण तोवर बोट टेकलं होतं. मऊ रंगात ते चांगलं दाबून टेकलं होतं. बॉनेटवर बहिणीच्या बोटाचा ठसा, ठशात कुंकू, वर झेंडूची पाकळी चिकटवलेली. मी डोकं धरलं. ताई माझ्याकडे बघतच राहिली. ‘येवरा चिरतंस कशाला? पूजाच केली ना?’ म्हणाली आणि दुसऱ्या पातेल्यात चहा टाकला.

रविवारी मी ती गाडी घेऊन गेलो. होतूभाई बॉनेट पाहून इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. भाभींना वरून खाली बोलावून दाखवलं. ‘पूजा हो गई इसकी! अब इसका एक्सिडेंट नहीं होगा.’ पुसायला गेलं तर कुंकू आणखी पसरलं. मग त्यांनी पॉलिश पेपरने घासून आणखी एक हात मारला. नेहमी ते दोनच हात मारायचे. हा तिसरा. तिसऱ्या हाताचं वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं, त्याला रीतसर कारण होतं.

त्याच सुमारास त्यांच्या शेजारच्या इमारतीचा स्लॅब कोसळला. माणसं बाहेर होती म्हणून वाचली. आठवड्याभरात होतूभाईंच्या इमारतीवरही लाल रंगात ‘धोकादायक’ असं रंगवलं गेलं. अक्षरं ओघळलेली होती. माझं लक्ष आधी तिकडेच गेलं, अर्थाकडे मागाहून. इमारत होळीच्या आत खाली करायची होती. त्यांचा मुलगा रायपूरला कपड्याच्या व्यापारात. त्याचं म्हणणं सरळ होतं, जे विकायचं ते विका आणि इकडे या. होतूभाईंनी हे मला सांगितलं ते गाडीचं दार घासता घासता, माझ्याकडे न बघता. मी ‘अच्छा’ म्हणालो. मग उगाचच थिनरच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

पुढचे काही दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. मग मला सुचलं. आमच्या सोसायटीत माझ्या खालच्याच मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता. मालक ठाण्याला, भाडेकरू शोधत असलेला. होतूभाईंनी इथेच यावं! दुकान नाही तर नाही, गॅलरीत छोटा स्प्रे बसवता येईल, नदीकडचं वारं आहे, वास जाईल. मला ते इतकं साधं आणि इतकं बरोबर वाटलं की मी चालता चालता एकटाच हसत होतो. रविवारी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘देखेंगे साईं.’ नाही म्हणाले नाहीत, हे मी आठवडाभर स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो.

एका दुपारी ते दोघं फ्लॅट बघायला आले. मी आदल्या दिवशी जाऊन जाळ्या काढून ठेवल्या होत्या, खिडक्यांच्या काचा पुसल्या होत्या. नळाला पाणी येतं का ते पाहिलं होतं. भाभींनी स्वयंपाकघर बघितलं, ओट्यावरून हात फिरवला, ‘किचन ठीक है’ म्हणाल्या. मग गॅलरीत गेल्या. समोर टॉवरचं काम, त्याच्या बाजूने दिसणारी नदीकाठची झाडं, पलीकडे डोंगर. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

‘हवा तो बहुत अच्छी है,’ त्या वळून होतूभाईंना म्हणाल्या. ‘पर यहाँ अपना कौन है?’

मी तिथेच उभा होतो. हातात किल्ली होती. भाभींच्या मनात काहीसुद्धा नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांना मुलगा, सून, नात्यातली माणसं म्हणायची होती. होतूभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. ‘प्रेशर अच्छा है,’ ते आतून म्हणाले. मी म्हणालो, ‘हो, पाण्याचा त्रास नाही इथे.’ मग माझ्याकडे चहा झाला. मी पापड भाजले होते, ते भाभींना आवडले.

त्यानंतर फ्लॅटचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. मोतिया गाडी मात्र संपेना. रविवारी मी पोचलो की होतूभाई म्हणायचे, ‘दरवाज़े पे धूल बैठ गई, एक हाथ और मारना पड़ेगा.’ मी गाडी उजेडात धरून बघायचो. धूळ काही मला दिसायची नाही. पण मी म्हणायचो, ‘हो, बसलीये खरी.’ त्यांनी हात मारला की रंग सुकेपर्यंत पुढचा रविवार. मग मी खिडकीचं रबर रंगवायचो, चांगलं सरळ यायचं, आणि मी काडीला फडकं गुंडाळून, थिनरमध्ये बुडवून ते पुसून टाकायचो. ‘वाकडं आलं,’ म्हणायचो. होतूभाई चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, ‘हाँ साईं, थोड़ा टेढ़ा है.’ थिनरने खालचा रंग जरा उठायचा. मग आणखी एक हात.

वरच्या घरातलं सामान एकेक करून कमी होत होतं. पलंग गेला, शिवणयंत्र गेलं. दाल-पकवान मात्र येत राहिलं, फक्त ताटल्या बदलल्या, कारण स्टीलच्या बांधल्या गेल्या होत्या. कागदी पत्रावळीतून डाळ टेबलावर गळायची. आम्ही बेसनाने हात धुवायचो, बोटं हुंगायचो आणि त्या गाडीवर पुन्हा कामाला बसायचो. इतका मन लावून केलेला आळस मी आयुष्यात दुसरा केला नाही.

थंडी सरायला आली तेव्हाच्या एका रविवारी मी पट्टीला ब्रश लावला आणि ब्रश घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. मी गाडी डोळ्यांच्या रेषेत धरली. पट्टी गाडीच्या अंगातून जरा उठलेली असते. ब्रश तिच्या खांद्याला धरून चालतो. इथे खांदाच राहिला नव्हता. हातावर हात मारून रंग इतका जाड झाला होता की पट्टी त्यात बुडाली होती. दारांच्या फटी भरून आल्या होत्या. मी दार उघडायला गेलो, उघडलं नाही. किनार रंगवायची म्हणून जी गाडी आम्ही राखून ठेवली होती, तिला किनारच उरली नव्हती.

मी ती होतूभाईंपुढे धरली. त्यांनी अंगठा फिरवला. चाळीस वर्षं कपाटं रंगवलेला माणूस. कितव्या हाताला पट्टी बुडायला लागली हे त्यांच्या अंगठ्याला केव्हाच कळलेलं असणार, आणि माझ्या डोळ्यांनाही ते दिसायला हवं होतं.  मग ते हसले, पण दसऱ्यासारखे नाही.

‘अब और हाथ नहीं मारूँगा, साईं,’ ते म्हणाले. ‘ट्रक बोल दिया है. अगले हफ़्ते.’

रंग उतरवून पहिल्यापासून करायला वेळ नव्हता. ‘अंदाज़ से खींच दे,’ ते म्हणाले आणि कॉम्प्रेसर चालू नसतानाही मागे जाऊन त्याचं बटण बघून आले. स्टुलावर बसले. मी करंगळी टेकवली. बुडालेल्या पट्टीवर, कुठलाही आधार नसताना, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एक रुपेरी रेघ ओढायची होती. शेवटाकडे बघून ओढायची, हे मला माझ्या नावाइतकं पाठ होतं. मी शेवटाकडे बघूच शकलो नाही. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. ते गुडघ्यांवर होते, नखांच्या कडेला मोतिया रंग होता. रेघ मागच्या दारापाशी जराशी खाली वळली.

मी फडकं उचललं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. ‘रहने दे,’ ते म्हणाले, आणि मग मराठीत, ‘राहू दे.’ पुन्हा, ‘अच्छी है.’ ती गाडी त्यांनी रुमालात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवली, सामानात नाही. ट्रक आला त्या दिवशी मी गेलो नाही. मला ते बघायचं नव्हतं.

पुढचा हिवाळा आला तेव्हा मी ब्रश बाहेर काढले नव्हते. काढून काय करणार? रविवारी एकटाच पोहे खायचो आणि नंतर मोरीत उभा राहून बेसनाने हात धुवायचो. सवय. बोटं नाकाशी नेल्यावर लक्षात यायचं. आणि मग एक दिवस रायपूरहून कुरिअर आलं. खोक्यात निळी गाडी, अंगभर सुरेख रंग, आणि किनार नाही. सोबत चिठ्ठीचपाटी काही नव्हतं, होतूभाईंना लिहिण्याचा कंटाळा. मी लगेच ब्रश बाहेर काढले. मुलाच्या गच्चीवर त्यांनी स्प्रेची जागा केली होती. मी किनार रंगवून गाडी परत पाठवली. ती मिळाल्यावर फोन आला. महिन्याभराने दुसरी आली. लांब पट्टीच्या वेळी मी त्यांना फोन लावायचो, मोबाइल टेबलावर ठेवायचो आणि रेघ ओढायचो. पलीकडून ते काही बोलायचे नाहीत. रेघ संपली की पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज यायचा. रायपूर लांब आहे, पण तेवढं ऐकू येतं.

दोन हिवाळे असे गेले. ते दोन हिवाळे मी एकटा नव्हतो, असं मी म्हणेन. समोरचा टॉवर पूर्ण झाला, त्यात माणसं राहायला आली, खालच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं आलं, मला त्यांच्यापैकी कुणाचं नाव माहीत नाही. मला गरजही वाटली नाही. माझ्या टेबलावर नेहमी कुणाची तरी अर्धी गाडी होती.

यंदा दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, टॉवेल कडक झाला. मी ब्रश धुतले, टोकं केली, रुपेरी रंगाची बाटली हलवून हलवून तळाचा गाळ मोडला. पार्सल येईना. फोन करावा तर आपण तगादा लावतोय असं वाटेल. काल ते आलं.

खोकं हलकं होतं. आत गाडी एका मऊ ओढणीत गुंडाळलेली. गडद हिरवी. मी ओढणी सोडवली आणि क्षणभर मला कळेना. खिडक्यांना काळं रबर होतं. मुठी रुपेरी होत्या. मागच्या दिव्यांना तांबडा रंग होता. आणि अंगावरून पुढून मागे पट्टी धावत होती, रुपेरी, अखंड. मी ती सुतार फळी बघतो तशी एक डोळा मिटून धरली. सरळ होती. जिथे ब्रशच्या दोन फटकाऱ्यांचा जोड असतो तिथे फक्त किंचित फुगीर. बाकी सरळ. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी गाडी पुन्हा ओढणीत गुंडाळली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी होतूभाईंचाच फोन आला.

‘मिली? देखा? इसने किया है!’ त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी इतका मोकळा होता. ‘बैठी रहती थी मेरे सामने दिन भर. मैंने बोला, तू भी हाथ चला. सिलाई-कढ़ाई वाला हाथ है, पक्का है. ले, भाभी से बात कर.’

भाभी संकोचत फोनवर आल्या. ‘भाईसाहब, सच बताना. ठीक है ना? बीच में जोड़ दिखता है, वो कैसे छुपाऊँ?’

मी म्हणू शकलो असतो की सवयीने येईल. तेवढं म्हणून थांबता आलं असतं. पण त्या मनापासून विचारत होत्या, आणि मला विचारणारं तरी दुसरं कोण आहे? मी सांगितलं. रंगात थिनर थोडं वाढवा. जोड पट्टीच्या मधोमध नको, दाराच्या फटीवर घ्या, तिथे दिसत नाही. खिडकीला निव्वळ काळा लावू नका, लहान गाडीवर तो फार काळा दिसतो, त्यात चिमूटभर पांढरा मिसळा. वळणावर हात नाही, गाडी फिरवा. भाभी प्रत्येक गोष्टीला ‘अच्छा, अच्छा’ म्हणत होत्या, आणि मागून होतूभाई ‘याद रख, याद रख’ म्हणत होते. मला जे जे येत होतं ते सगळं मी सांगून टाकलं. सांगण्यासारखं उरलं नाही तेव्हा कळलं की ते फार थोडं होतं.

मग होतूभाईंनी फोन घेतला. ‘ये तेरे लिए है, साईं,’ ते म्हणाले. ‘गिफ़्ट. वापस मत भेजना. अब आगे की भी ये कर लेगी, तेरी आँखों को आराम.’

‘बरं झालं,’ मी म्हणालो. ‘खूप छान झाली आहे गाडी. भाभींना सांगा.’

इतक्या वर्षांत आमच्यात कुणी कुणाला गाडी दिली नव्हती. प्रत्येक गाडी दोघांची असायची, आणि ती एकाकडे असली की दुसऱ्याकडे जायची बाकी असायची. ही पूर्ण आहे, आणि माझी आहे. तिला आता कुठे जायचं नाही.